मोरचुदाचं पाणी, दोन सेल आणि जस्ताची गोष्ट

द्राक्षबागेत किंवा सुपारीच्या वाडीत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांच्या घरी मोरचूद असतंच. त्याचे चमचाभर निळे खडे काचेच्या जुन्या बरणीत पाण्यात विरघळवा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. शिसपेन्सिलीतल्या दोन कांड्या त्या पाण्यात बुडवा, एकमेकींना लागू देऊ नका, आणि घड्याळात घालतो तसला दीड व्होल्टचा एक सेल त्यांना वायरीने जोडा.

अर्धा तास बसून राहिलं तरी जवळजवळ काहीच घडत नाही. फार तर एका कांडीवर पुसटशी तांबूस छटा येते. आता दुसरा सेल पहिल्याच्या मागे लावा, म्हणजे तीन व्होल्ट होतील. काही मिनिटांतच ऋण टोकाच्या कांडीवर खरंखुरं तांबं चढू लागतं, विटकरी रंगाचं आणि बोटाने पुसलं तर सुटून येणारं. दुसऱ्या कांडीवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे धरतात. एका सेलने जे होईना ते दोन सेलनी झालं. यामागचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात त्याचे तांब्याचे धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले अणू, सुटे होतात. तांबं आणि पाण्यातला ऑक्सिजन वेगळे करून मागे आम्ल ठेवायचं, हे काम आपणहून होणारं नाही. पाणी उताराला वाहतं आणि चढावर न्यायचं तर पंप लागतो, तसंच हे आहे. हा चढ नेमका किती उंच, ते मोजायची रीत अमेरिकेच्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७०च्या दशकात घालून दिली. त्या मापाला आज मुक्त ऊर्जा म्हणतात. ६३.५ ग्रॅम (रसायनशास्त्राच्या भाषेत एक मोल) तांबं सुटं करायला किमान सुमारे १७२ किलोज्यूल मुक्त ऊर्जा द्यावी लागते. तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन हवेत, म्हणजे तेवढ्या तांब्याला सुमारे १,९३,००० कूलोम विद्युतभार लागतो. विजेचा हा मापून घेतलेला रतीब मायकेल फॅरडे यांनी १८३४ सालच्या आसपास शोधला होता. ऊर्जेला विद्युतभाराने भागलं की उत्तर येतं ०.८९ व्होल्ट.

इथे एक सुंदर बारकावा आहे. या बदलाला एकूण ऊर्जा लागते सुमारे २२१ किलोज्यूल, पण विजेकडून किमान १७२ घेतले तरी भागतं. उरलेले ४९ येतात आजूबाजूच्या उष्णतेतून. द्रव पाण्यातून ऑक्सिजन वायू सुटतो, रेणूंची मोकळीक वाढते, म्हणजेच एन्ट्रॉपी वाढते, आणि त्या वाढीमुळे तेवढी उष्णता आत घेता येते. अगदी कमी व्होल्टवर, अगदी संथपणे हे काम करता आलं असतं तर ती बरणी थंड पडली असती!

मग दीड व्होल्ट ०.८९पेक्षा जास्त असूनही एक सेल का अडला? कारण उष्मागतिकी, म्हणजे ऊर्जेच्या देवाणघेवाणीचं हे शास्त्र, चढाची उंची सांगते, वाटेतल्या दगडधोंड्यांबद्दल काहीच सांगत नाही. पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढायचे आणि ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडायचे, हे शिसपेन्सिलीच्या कांडीवर फार रखडत होतं. त्याला बऱ्यापैकी वेग आणायला जे जादा व्होल्ट मोजावे लागतात त्यांना अतिविभव म्हणतात. खात्री करायची असेल तर दोन्ही कांड्या काढून तांब्याच्या तारा लावा. आता एकच सेल पुरतो. एका तारेचं तांबं विरघळतं आणि दुसरीवर बसतं. तांब्याचं तांबंच राहतं, त्यामुळे चढ जवळपास शून्य, आणि ऑक्सिजनची कटकटही नाही. तांबं शुद्ध करणारे कारखाने हेच करतात, तेही पाव व्होल्टच्या आसपास.

या हिशेबाची खरी परीक्षा मात्र जस्तापाशी होते. शाळेत क्रियाशीलतेची श्रेणी शिकवतात, म्हणजे धातूंची जास्त क्रियाशील ते कमी क्रियाशील अशी उतरती यादी. यादीत जो खाली, तो पाण्यातून आधी सुटा होतो. तिच्यात जस्त हायड्रोजनच्या वर आहे. म्हणजे झिंक सल्फेटच्या आम्लयुक्त पाण्यातून वीज नेली तर आधी हायड्रोजन सुटायला हवा. त्याला १.२३ व्होल्ट पुरतात, जस्ताला १.९९ लागतात. श्रेणीच्या नियमाने जस्त बाहेर पडायलाच नको. तरीही उदयपूरजवळच्या देबारीच्या कारखान्यासारख्या ठिकाणी जस्त याच रीतीने निघतं. याच उदयपूर जिल्ह्यात झावरला काही शतकांपूर्वी मातीच्या मुशी उलट्या लावून जस्ताची वाफ काढत आणि ती खाली थंड करून धातू धरत. तिथे चढ उष्णतेने चढायचा, इथे विजेने.

विजेने तो चढता येतो, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होणं अतिशय संथ आहे. हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दिसतं. शुद्ध जस्ताचा तुकडा सौम्य सल्फ्युरिक आम्लात टाकला तर बुडबुडे रेंगाळत येतात. त्यातच मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. जस्तावर तांब्याचे ठिपके बसतात, त्या ठिपक्यांवर हायड्रोजन सहज सुटतो आणि आम्ल खदखदू लागतं.

कारखान्याला भीती असते ती नेमकी अशाच ठिपक्यांची. म्हणून द्रावण टाकीत जाण्याआधी जस्ताचीच पूड घालून त्यातलं तांबं, कॅडमियम, कोबाल्ट वगैरे खाली बसवतात. अँटिमनी आणि जर्मेनियम तर लेशमात्र उरले तरी पुरे. जस्त बसण्याऐवजी हायड्रोजन सुटू लागतो, आणि बसलेलं जस्तही जागोजागी विरघळून पत्र्याला भोकं पडतात. टाकीत ॲल्युमिनियमचे पत्रे ऋणाग्र म्हणून, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला जोडून, उभे असतात आणि दिवस-दोन दिवसांनी त्यांच्यावरचा जस्ताचा थर सोलून काढतात. टनभर जस्ताला हिशेबाप्रमाणे किमान १,६३० युनिट वीज पुरायला हवी. प्रत्यक्षात तीन हजारांच्या वर लागते. यातली बरीचशी जादा वीज धन टोकाला जोडलेल्या शिसे धातूच्या पत्र्यावर, म्हणजे धनाग्रावर, ऑक्सिजन सोडवण्यात जाते. बरणीत आपल्याला अडवणारी अडचण तिथेही तीच.

आणि वीज गेली, तर त्याच टाकीत, त्याच आम्लात, पत्र्यांवर बसलेलं जस्त हळूहळू हायड्रोजनचे बुडबुडे सोडत पुन्हा विरघळायला लागतं.