हवा कमी की सेन्सर बिघडला? दिवा एकच, दुखणी दोन

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालासारखा आकार, खाली दातेरी कड, मधोमध उद्गारचिन्ह. टायरच्या हवेचा हा इशारा. तो दिसला की लोकांचे साधारण दोन तट पडतात. काही जण लगेच हवा भरून घेतात आणि तरी दिवा विझला नाही की वैतागतात. बाकीचे "सेन्सर गेलाय, लागतो तो अधूनमधून" म्हणून गाडी दामटतात, आणि एखाद्या दिवशी खरोखर हवा गेलेल्या टायरवर हायवेला लागतात. दोघांचाही घोटाळा एकाच ठिकाणी होतो. हा दिवा दोन वेगळ्या तक्रारी सांगतो: टायरमध्ये हवा कमी आहे ही एक, आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच बंद पडली आहे ही दुसरी. घरात चोर शिरणं वेगळं आणि राखणदाराचा डोळा लागणं वेगळं, तसंच हे.

दोन्हींतला फरक दिवा स्वतःच सांगतो, पण फक्त पहिल्या दीड मिनिटात. इग्निशन चालू केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझतात, तो भाग सोडून द्या. त्यानंतर हवेचा दिवा न लुकलुकता स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. तोच दिवा साधारण ६० ते ९० सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. बिघाड दूर होईपर्यंत दर वेळी गाडी चालू केली की हे लुकलुकणं पुन्हा होतं. काही गाड्यांत सोबत लेखी संदेश येतो, किंवा ज्या चाकाचा सेन्सर बोलत नाही तिथे आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसतात. तसं असेल तर काम सोपं. पण ज्या गाडीत फक्त दिवाच आहे, तिथे दीड मिनिटानंतर दोन्ही दुखणी अगदी सारखी दिसतात. बहुतेक माणसं दिव्याकडे बघतात ती नेमकी तेव्हा, गाडी रस्त्याला लागल्यावर. म्हणून दिव्याबद्दल शंका असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, बंद करा, पुन्हा चालू करा आणि दीड मिनिट दुसरं काही न करता त्याच्याकडे बघत बसा.

यातली खरी धोक्याची गोष्ट पुढे आहे. सेन्सर बिघडल्यामुळे दिवा आधीच लागलेला असेल आणि त्याच काळात एखाद्या टायरची हवा गेली, तर फक्त दिवा असलेल्या गाडीत तुम्हाला नवीन काहीच दिसणार नाही. लागलेला दिवा लागलेलाच राहील. "सेन्सरच गेलाय ना, मग काय घाई" हे म्हणणं मला पटत नाही ते म्हणूनच.

हवा कमी असण्याची बाजू आधी घेऊ. हा दिवा उशिरा लागतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटून झालेल्या अपघातांचं प्रकरण गाजलं आणि त्यानंतर तिथे कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या प्रवासी कारना ती लागू झाली. अमेरिकी नियमाप्रमाणे शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागायलाच हवा. म्हणजे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवी असेल, तर हवा २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. तेव्हा स्थिर दिवा म्हणजे "जरा कमी असेल" असं समजू नका. चांगलीच कमी आहे. इतक्या कमी हवेत टायरची बाजूची भिंत चालताना सतत दबते, तापते, आणि वेगात असताना टायर फुटण्याची शक्यता वाढते.

स्थिर दिवा लागला की वेग हळूहळू कमी करा, स्टिअरिंगला आणि ब्रेकला झटका देऊ नका, सुरक्षित जागी थांबा आणि खाली उतरून चारही टायर बघा. एखादा टायर नुसत्या डोळ्यांनी बसलेला दिसला तर पुढे जाऊच नका. सगळे सारखे दिसले तरी निश्चिंत होऊ नका, कारण आजच्या रुंद टायरमध्ये ८-१० पीएसआय कमी असलेली डोळ्यांना कळतेच असं नाही. हवेचा दाब मोजणारं गेज लागतं. माझ्या मते ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्या डिकीत हातात मावणारं एक बरं गेज असलंच पाहिजे. दिव्याशी वाद घालायची वेळ आली की निकाल तेच देतं.

गेज लावण्याचीही एक रीत आहे. टायर थंड हवेत, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा फार तर दीडेक किलोमीटर चालली असावी. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा सहज ३-४ पीएसआयने जास्त दिसतो. तो बघून हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी पडतो. आकडा कशाशी जुळवायचा? ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर जो स्टिकर दिसतो त्याच्याशी. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. आणि एककं बघून घ्या: ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २३० किलोपास्कल, म्हणजे २.३ बार. डॅशबोर्ड एका भाषेत बोलतो आणि हवेचं मशीन दुसऱ्या, त्यातूनही "सेन्सर चुकीचं दाखवतो" अशा तक्रारी जन्माला येतात. गेज आणि डॅशबोर्ड यांच्यात एक-दोन पीएसआयचा फरक असेल तर तो बिघाड धरू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो थंडीत. सकाळी गाडी काढली की दिवा, दुपारी गायब, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. ऐकणारा प्रत्येक जण सांगतो, सेन्सर गेला. पण इथे दोन्ही शक्यता तेवढ्याच खऱ्या आहेत. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयने उतरते. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय असलेला टायर शून्य अंशाच्या पहाटे २५ च्या खाली जाऊ शकतो. दिवा लागतो. गाडी चालते, टायर तापतो, आकडा वर येतो, दिवा विझतो. सेन्सर इथे अक्षरशः खरं सांगत होता. टायरमध्ये आधीपासूनच ३ पीएसआय कमी होते, थंडीनं ते उघडं पाडलं. थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा भरली की हा खेळ थांबतो.

आता याचाच जुळा भाऊ. सेन्सरच्या आत छोटी लिथियम बॅटरी असते. ती म्हातारी झाली की थंडीत तिचं व्होल्टेज पडतं आणि सेन्सर संदेश पाठवू शकत नाही. ऊब मिळाली की पुन्हा पाठवू लागतो. वेळापत्रक तंतोतंत तेच, सकाळी दिवा आणि दुपारी काही नाही. ओळख फक्त लुकलुकण्यानं पटते. स्थिर दिवा असेल तर हवा, लुकलुकला तर बॅटरी. दुसऱ्या प्रकारात कितीही हवा भरा, उपयोग नाही.

म्हणजे खराब सेन्सरचा स्वभाव लक्षात घ्या. तो सहसा खोटं बोलत नाही, तो बोलायचं बंद करतो. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिमला चिकटून तो बसलेला असतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक, हवेचा दाब आणि तापमान तो रेडिओवरून गाडीला कळवतो, काही देशांत ३१५ मेगाहर्ट्झवर, इतरत्र बहुतेक ४३३ वर. ठरलेल्या वेळात निरोप आला नाही की गाडी बिघाड जाहीर करते. बॅटरी राळेत पक्की बंद केलेली असल्यामुळे ती एकटी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. चारही सेन्सर कारखान्यातून एकाच वेळी आलेले असतात, त्यामुळे आठव्या वर्षी एक गेला तर उरलेले फार मागे नसतात. तेव्हा टायर बदलायला आलेलेच असतील, तर मी चारही सेन्सर त्याच वेळी बदलायला सांगेन, कारण टायर रिमवरून उतरवायचं काम तसंही होणारच असतं. टायर नवे असतील तर गेलेला एकच बदला.

पण दिवा लुकलुकतो म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. स्टेपनी लावली आहे का? बऱ्याच गाड्यांत तिला सेन्सर नसतो, मग गाडीला एक चाक "हरवलेलं" वाटणारच. दुसऱ्या रिम घातल्या आणि जुने सेन्सर त्यात आलेच नाहीत, असंही होतं. चारही चाकं एकदम गप्प झाली असतील तर चार बॅटऱ्या एकाच दिवशी संपल्या असं मानण्यापेक्षा संदेश घेणारा रिसीव्हर किंवा त्याचा फ्यूज आधी तपासावा. नवा मोबाइल चार्जर, डॅशकॅम किंवा स्वस्तातले एलईडी दिवे बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर ते काढून बघा, रेडिओत खरखर आणणारी उपकरणं इथेही आड येतात. पंक्चरसाठी टायरमध्ये ओतायचं सीलंट वापरलं असेल, तर त्यानं सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं.

खरा निवाडा एका हातातल्या यंत्रानं होतो. मेकॅनिक ते टायरला, व्हॉल्व्हजवळ टेकवतो, यंत्र १२५ किलोहर्ट्झचा संकेत सोडून झोपलेल्या सेन्सरला जागं करतं, आणि सेन्सर ठीक असेल तर पडद्यावर त्याचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थिती येते. चाक खोलावं लागत नाही. तीन चाकांनी उत्तर दिलं आणि चौथं गप्प राहिलं, की गुन्हेगार सापडला. चारही चाकांनी नीट उत्तर दिलं तर सेन्सर निर्दोष आहेत, शोध पुढे रिसीव्हरकडे न्यायचा. हे यंत्र नसलेल्या ठिकाणी अंदाजानं सेन्सर बदलून घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

एक जागा अशी आहे जिथे दोन्ही दुखणी एकत्र येतात. बऱ्याच सेन्सरची व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनियमची असते. तिच्यात हवा रोखणारी साधी पितळी पिन बसवली आणि ओल, क्षार लागत राहिले, की दोन धातूंच्या संगतीनं गंज धरतो. पांढरी भुकटी दिसते, टोपी निघेनाशी होते, हवा झिरपू लागते. सेन्सर ठणठणीत, दिवा स्थिर, आणि हवा जाते ती सेन्सरच्याच नळीतून! व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणि बुडाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर कळेल. अडकलेली टोपी पकडीनं जोर लावून फिरवू नका, नळी तुटली तर सगळी हवा जागच्या जागी जाते. अशा नळीत निकेलचा मुलामा असलेलीच पिन हवी, आणि टायर उतरवला की रबरी वायसर, नट आणि पिन नवी घालून घ्यावी.

काही गाड्यांत मात्र चाकात सेन्सरच नसतो. तिथे एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) वेग मोजणारे सेन्सर वापरतात: हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो, ते इतरांपेक्षा थोडं जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. डॅशबोर्डवर चाकागणिक आकडे दिसत नसतील आणि मेनूत किंवा बटणावर "रीसेट" असेल, तर तुमची गाडी बहुधा या जातीची आहे. इथे हवा भरल्यावर रीसेट करावंच लागतं, ते विसरल्यामुळे दिवा राहतो आणि लोक नसलेल्या सेन्सरला शिव्या घालतात. उलट हवा कमी असताना दिवा घालवण्यासाठी रीसेट दाबलं, तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर मानून बसते. हे कधीही करू नका. एबीएसचा दिवाही सोबत लागला असेल तर चाकाच्या वेगाच्या सेन्सरकडे बघा.

दिव्यावर चिकटपट्टी लावणं किंवा सेन्सर हवा भरलेल्या बंद नळीत ठेवून गाडीला फसवणं, हे उपाय मला सरळ धोकादायक वाटतात. सेन्सर बदलणं लांबवायचंच असेल तर लांबवा, पण मग आठवड्याला एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी थंड टायरला गेज लावायचं हे स्वतःवर घ्या. तसं केलं तर बिघडलेल्या सेन्सरवर गाडी चालवता येते. कमी हवेवर चालवता येत नाही.

नवा सेन्सर बसवल्यावर गाडीला त्याचा क्रमांक शिकवावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर आपोआप शिकतात, काहींना यंत्रानं किंवा स्टिअरिंगखालच्या, बिघाड तपासायच्या सॉकेटमधून शिकवावं लागतं, आणि काही सेन्सरमध्ये जुन्याचाच क्रमांक उतरवून घेता येतो. चाकांची अदलाबदल केल्यावरही हे शिकवणं राहून गेलं, तर डॅशबोर्ड पुढच्या चाकाची हवा मागच्याच्या नावावर दाखवू शकतो. तपासणी सोपी आहे. दुकानातून निघण्याआधी बदललेल्या चाकातली ३ पीएसआय हवा सोडा, गाडी थोडी फिरवून आणा, आणि त्याच चाकाचा आकडा उतरला का ते बघून हवा पुन्हा भरून घ्या.