‘हृदयाला ताकद येईल असं काहीतरी द्या’

हार्ट फेल्युअर असलेले आमचे ग्राहक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

हे वाक्य आमच्या काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. आईच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्यात बाहेर ढकललं जाणारं रक्त, तीस टक्क्यांवर आलेलं असतं, जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. मुलगा चिठ्ठीवरच्या गोळ्या घेतो आणि मग मागच्या फळीवरच्या ताकदीच्या पावडरच्या डब्यांकडे बोट दाखवतो. डबा विकायला आमची ना नाही, दुकान त्यावरही चालतं. पण या आजारात ताकद नेमकी कुठे अडते हे समजलं की बरेचजण डबा परत ठेवतात. नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या छोट्या औषधाच्या दुकानाने हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे.

आधी नावाची भीती. ‘फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. ते चालू आहे, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जड जातंय.

माल आहे, रोकड नाही

हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा ठोके देतं आणि ७ हजार लिटरच्या आसपास रक्त फिरवतं. या कामाची मजुरी एकाच चलनात चुकती होते. त्या चलनाचं नाव एटीपी. दिवसभरात हृदय अंदाजे ६ किलो एटीपी बनवतं आणि तेवढंच खर्च करतं. गल्ल्यात शिल्लक मात्र कोणत्याही क्षणी काही सेकंद पुरेल इतकीच. शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या तंतुकणिका हे चलन पाडतात. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. कच्चा माल म्हणून मुख्यतः चरबी जळते, त्याखालोखाल साखर आणि थोडेफार कीटोन (शरीर चरबीपासून बनवतं ते इंधन). हृदय खाण्यापिण्यात नखरे करत नाही.

आता लासलगावचा बाजार डोळ्यासमोर आणा. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर कांदा उभा आहे, पण लिलाव बंद. माल डोंगराएवढा आणि शेतकऱ्याच्या खिशात चहाला पैसे नाहीत. कमजोर हृदयाची हीच गत होते. रक्तात चरबी आहे, साखर आहे, पण तंतुकणिका बिघडल्यामुळे त्याचं एटीपी होत नाही. आजार बळावलेल्या हृदयात एटीपी साधारण ३० टक्क्यांनी घटलेलं आढळतं. शिवाय अशा हृदयाच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, त्यामुळे साखर दारातच अडते. ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून दिल्याने काय साधणार? बाजारात आणखी कांदा येतो, एवढंच. मधुमेह असेल तर वर शुगर चढते ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. हृदयाला आवळायला जशी ऊर्जा लागते, तशी सैल पडायलाही लागते. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतलं कॅल्शियम पुन्हा तिच्या आतल्या कोठारात भरून ठेवावं लागतं, आणि ते भरणाऱ्या पंपालाही एटीपीच हवं. ते कमी पडलं की हृदय नीट सैलावत नाही, रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात पाणी साचतं. पंपिंगचा आकडा चांगला असूनही काहींना धाप लागते, त्यामागे हे एक कारण असतं.

‘बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?’

थकलेल्या बैलाला चाबूक मारून नांगर ओढवता येतो, पण किती दिवस? वैद्यकशास्त्रानेही हा चाबूक वापरून पाहिला. हृदयाचा जोर वाढवणारं मिलरिनोन हे औषध गोळीच्या रूपात दीर्घकाळ दिलं, तेव्हा मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. तो निकाल १९९१ सालचा. उलट मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या बीपीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या हृदयाला दमाने घ्यायला लावतात. पूर्वी हार्ट फेल्युअरमध्ये त्या द्यायला डॉक्टर घाबरत. मग १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं दिसलं.

हिशेब घरी करून बघा. नाडी मिनिटाला ९० वरून ६० वर आली, तर दिवसाचे ४३,२०० ठोके वाचले. तेवढी रोकड गल्ल्यात राहिली. म्हणून ‘गोळीने सुस्ती येते’ म्हणत ती आपल्या मनाने बंद करू नका. अचानक सोडणं धोक्याचं आहे. चक्कर येत असेल, नाडी फारच मंदावली असेल, तर डॉक्टरांना फोन करा.

‘शुगर नाही, मग शुगरची कशाला?’

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी लिहिलेली चिठ्ठी पाहून लोक आम्हालाच विचारतात, चुकून दुसऱ्याची तर नाही ना आली? नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत अर्ध्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता, आणि फायदा त्यांनाही झाला. या गोळ्यांनी लघवीवाटे साखर, मीठ, पाणी बाहेर जातं आणि रक्तात कीटोन थोडे वाढतात. उपाशी हृदयाला ते कीटोन इंधन म्हणून चालतात, असं काही तज्ज्ञ मानतात. फायद्याचं खरं कारण तेच का, यावर त्यांचं एकमत नाही.

याच गोळीवर निर्जळी उपवास मात्र महागात पडू शकतो. कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होतं, आणि शुगर मोजली तर फारशी वाढलेली दिसतही नाही. श्रावणी सोमवार, नवरात्र, एकादशी धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उलट्या-जुलाब लागले तरी लगेच विचारावं. आणि हो, उपवासाचं सैंधव हेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठाची पुडी तर स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असताना विचारल्याशिवाय घेऊच नका. त्या मिठात पोटॅशियम असतं, आणि ही गोळीही ते रक्तात वाढवते.

लोह

आम्हाला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं ते हे. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोह कमी असतं, हिमोग्लोबिन ठीक असूनही. तंतुकणिकांना एटीपी पाडायला लोह लागतंच. म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोह मोजणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. या आजारात फेरिटिन १०० च्या खाली असेल तर लोह कमी धरतात. लॅबच्या कागदावर मात्र तो आकडा ‘नॉर्मल’ छापलेला असू शकतो. लोहाच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग दिसलेला नाही, शिरेतून दिलेल्या लोहाचा दिसला आहे. म्हणजे आमच्या दुकानातली लोहाची बाटली इथे कामाची नाही. ते काम दवाखान्याचं.

को-एन्झाइम क्यू-१० या पूरक कॅप्सूलबद्दलही विचारणा होते. २०१४ च्या ४२० रुग्णांच्या एका चाचणीत फायदा दिसला होता. चाचणी लहान आहे आणि कॅप्सूल स्वस्त नाही. महिन्याचं बजेट ठरलेलं असेल तर आधी चिठ्ठीवरच्या गोळ्या पूर्ण घ्या.

चालणं मात्र फुकट आहे. त्याने पायांच्या स्नायूंतल्या तंतुकणिका सुधारतात आणि तेवढ्याच कामाला धाप कमी लागते. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गोदाघाटावर किंवा कृषिनगरच्या ट्रॅकवर, बोलता येईल इतक्याच वेगाने. ब्रह्मगिरीची फेरी यंदा घरच्या इतरांना करू द्या.

दुकानात वजनकाटा ठेवला आहे, पैसे पडत नाहीत. शक्यतो रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक मागायला याल तर हार्ट फेल्युअर आहे हे आधी सांगा, कारण अशा गोळ्यांनीही पाणी साचतं. येताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. ‘ती पांढरी, गोल’ एवढ्यावरून आम्हालाही ओळखता येत नाही.