उमेदवारी: कसब हातात येण्याची जुनी वाट

‘अमक्याकडे दोन वर्षं उमेदवारी केली’ असं कुणी सांगितलं, की जुन्या माणसांना पुढचं विचारावं लागत नसे. पगार नाममात्र, काम पडेल ते, आणि डोळे सतत उस्तादाच्या हातांकडे. उमेद म्हणजे आशा, आणि ती मनात धरून दाराशी उभा राहिलेला तो उमेदवार. निवडणुकीच्या बातम्यांमुळे हा अर्थ आता मागे पडला असला, तरी सरकारी कागदपत्रांतल्या ‘शिकाऊ उमेदवार’ या शब्दात तो टिकून आहे. किशोरवयीन मुलांना आपल्याच परिसरातल्या कारखान्यात, दवाखान्यात किंवा कार्यशाळेत काम करता करता शिकवण्याच्या योजनांची आज पुन्हा चर्चा होते. त्यांचं मूळ याच व्यवहारात आहे: मुलानं आज श्रम द्यायचे आणि उस्तादानं त्याला कसब द्यायचं. श्रम लगेच हाती येतात, कसब मात्र उधारीवर राहतं. ती उधारी बुडाली तर मुलानं दाद कुणाकडे मागायची, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

प्रश्न फार जुना आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायदेसंहिता इ.स.पू. १७५० च्या सुमारास दगडावर कोरली गेली. तिच्या १८८ आणि १८९ या कलमांत असं म्हटलं आहे की, कारागिरानं मूल वाढवायला घेऊन त्याला आपला हुन्नर शिकवला असेल, तर ते मूल कुणालाही परत मागता येणार नाही. शिकवला नसेल, तर मूल आपल्या बापाच्या घरी परत जाऊ शकतं. मुलावरचा हक्क शिकवण्यातून येतो, ही समज पावणेचार हजार वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेली पाहून मला आजही नवल वाटतं.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावी सापडलेल्या पपायरसांमध्ये, म्हणजे वनस्पतीपासून बनवलेल्या जुन्या कागदांमध्ये, इ.स. ६६ मधला एक करार आहे. ट्रायफोन नावाचा विणकर आपल्या थोओनिस या अल्पवयीन मुलाला टोलेमायोस या दुसऱ्या विणकराकडे एका वर्षासाठी शिकायला ठेवतो. बाप स्वतः विणकर असूनही मुलगा शिकायला दुसऱ्याकडे जातो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. टोलेमायोसनं विणकाम ‘स्वतःला येतं तितकं सगळं’ शिकवायचं, असं करारात लिहिलं आहे. मुलानं जितके दिवस खाडे केले, तितके दिवस मुदत संपल्यावर भरून द्यायचे, नाहीतर बापानं प्रत्येक दिवसामागे एक द्राख्मा भरायचा. उस्तादानं नीट शिकवलं नाही, तर दंड त्यालाही आहे. दोन्ही घरं एकाच गावातली, धंदाही एकच. कोण काय शिकवतो आणि कोण काय चुकवतो, हे लपून राहणं अवघड होतं.

मध्ययुगीन युरोपात ही नजर ठेवण्याचं काम गिल्डांकडे, म्हणजे एकेका धंद्यातल्या कारागिरांच्या संघांकडे आलं. पॅरिसचा प्रशासक एतिएन ब्वालो यानं १२६८ च्या सुमारास शहरातल्या शंभरेक धंद्यांचे नियम लिहून काढले. घरची मुलं सोडून एका उस्तादानं एक किंवा दोनच उमेदवार ठेवावेत, असा नियम त्यांतल्या अनेक धंद्यांना होता. जास्त मुलं घेतली तर शिकवणार कधी, हा त्यामागचा विचार. अर्थात, धंद्यात गर्दी होऊ नये हा स्वार्थही त्यात होता, आणि पुढे तो वाढतच गेला. उस्तादांच्या मुलांना सवलती मिळाल्या, बाहेरच्यांसाठी दारं अरुंद झाली. मुलींचंही तसंच झालं. मध्ययुगीन लंडनमध्ये रेशीमकाम शिकणाऱ्या मुली रीतसर करारावर राहत असत, पण पुढच्या शतकांत बहुतेक धंद्यांनी त्यांना कडेला सारलं.

या कराराच्या कागदाला एक खास रूप होतं. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी रेषेत कापायचा. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा मुलाच्या घरच्यांकडे. वाद झालाच तर तुकडे एकमेकांशी जुळवून पाहायचे. दाते बसले म्हणजे कागद खरा. मजकुरात मुलाला बजावलेलं असे: लग्न करायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यावर जायचं नाही, धन्याची गुपितं बाहेर सांगायची नाहीत. उस्तादाच्या बाजूनं अन्न, वस्त्र, निवारा आणि धंद्याचं पूर्ण शिक्षण. ज्याला कदाचित वाचताही येत नसेल अशा पोराच्या घरी असा कागद असणं ही मोठी गोष्ट होती.

इंग्लंडनं १५६३ च्या कायद्यानं ही पद्धत देशभर सक्तीची केली. किमान सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय त्या काळी चालू असलेला कोणताही धंदा करायचा नाही, असा दंडक झाला. सात वर्षं कशाला लागतात, हा प्रश्न अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये जोरात विचारला. बहुतेक धंदे काही आठवड्यांत शिकता येतात, लांब मुदतीमुळे मुलगा आळशी होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा राग मला पटतो, त्यानं केलेलं निदान मात्र पूर्ण पटत नाही. उपकरणं बनवण्याचं काम लंडनमध्ये जेमतेम वर्षभर शिकून आलेल्या जेम्स वॉटला ग्लासगोच्या कारागीर-संघानं दुकान उघडू दिलं नाही. विद्यापीठानं आवारात जागा दिली, म्हणून त्याचं काम सुरू झालं. दुसरीकडे मायकेल फॅरेडे १८०५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, बुकबाइंडरकडे राहिला. त्याची सात वर्षं पुस्तकं बांधता बांधता ती वाचण्यात गेली आणि विजेचं वेड त्याला तिथेच लागलं. लांब मुदत एकाला अडसर ठरली, दुसऱ्याला आधार.

खरा घात झाला तो १६०१ च्या गरीब-कायद्यातून निघालेल्या वाटेनं. अनाथ आणि निराधार मुलांना उमेदवार म्हणून कुणाकडे तरी ठेवण्याचा अधिकार या कायद्यानं चर्चच्या परगण्यांच्या, म्हणजे पॅरिशच्या, अधिकाऱ्यांना दिला. मूल दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की पॅरिशचा खर्च वाचत असे, त्यामुळे ते शिकतं की नाही हे बघण्याची गरज कुणाला उरली नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी सूतगिरण्या आल्या आणि लंडनची मुलं गाड्या भरभरून उत्तरेकडच्या गिरण्यांत रवाना होऊ लागली. करार होता, सही होती, ‘उमेदवार’ हे नावही होतं. पण तुटलेला धागा जोडणं आणि यंत्राखालचा कापूस झाडणं यात शिकायचं काय होतं? आणि तक्रार ऐकणारं माणूस दीडदोनशे मैल मागे राहिलेलं.

१८०२ च्या कायद्यानं या मुलांचं काम दिवसाला बारा तासांवर आणलं, रात्रपाळी बंद करायला सांगितली आणि थोडं लिहिणं-वाचणं शिकवण्याची अट घातली. तपासणीची धड व्यवस्था नसल्यानं तो बहुतांशी कागदावरच राहिला. मला जास्त बोलकी वाटते ती १८१६ ची तरतूद: लंडनच्या पॅरिशमधलं मूल ४० मैलांपलीकडे पाठवायचं नाही, आणि नऊ वर्षांखालचं मूल मुळीच ठेवायचं नाही. मूल आपल्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यात राहिलं पाहिजे, हे कायद्याला मैलांच्या हिशेबात लिहावं लागलं. त्याआधी दोनच वर्षं, १८१४ मध्ये, सात वर्षांची जुनी सक्ती रद्द झाली होती.

या काळानं उमेदवारीला लावलेला डाग लवकर पुसला गेला नाही. ‘ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीची सोय’ ही समजूत साम्राज्याबरोबर इतरत्रही पोचली. भारतात १८५० मध्ये झालेला कायदाही मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. दहा ते अठरा वयाच्या मुलांना त्यानुसार धंदा शिकण्यासाठी करारानं बांधता येत असे. शाळेत हुशार ठरलेल्या मुलाला हाताच्या कामाकडे पाठवणं म्हणजे त्याचं नुकसान, असं अनेक घरांत आजही मानतात. त्याची एक मुळी इथे आहे.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वळणानं गेली, कारण तिथे कारागिरांच्या संस्था टिकल्या आणि त्यांना शाळेची जोड मिळाली. म्युनिकच्या शाळांचा प्रमुख गेओर्ग केर्शेनस्टाइनर यानं १९०० पासून काम करणाऱ्या मुलांसाठी धंद्यागणिक शाळा उभ्या केल्या. आठवड्यातले काही तास मुलानं तिथे येऊन आपल्याच धंद्यातलं गणित, रेखाटन, पदार्थांचं ज्ञान शिकायचं. पुढे १९६९ च्या कायद्यानं या दुहेरी पद्धतीला देशभर एक चौकट दिली. आज तिथे तीनशेहून जास्त मान्य व्यवसाय आहेत. मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसायशाळेत असतात, आणि परीक्षा व्यापार किंवा कारागीर मंडळ घेतं, म्हणजे शिकवणारा स्वतः गुण देत नाही. या पद्धतीतही दोष आहे. बऱ्याच भागांत दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि ते वय फार कोवळं आहे. स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश मुलं याच मार्गानं जातात, आणि तिथून पुढे उच्च शिक्षणाकडे वळण्याची सोय आहे.

अमेरिकेत १९९१ मध्ये विस्कॉन्सिननं शाळकरी मुलांसाठी राज्यव्यापी उमेदवारी सुरू केली. १९९४ मध्ये शाळा आणि काम जोडणारा केंद्रीय कायदाही झाला, पण तो मुदतीचा होता आणि २००१ मध्ये संपला. विस्कॉन्सिनची योजना मात्र चालू राहिली.

कायद्याचं पान नसतानाही ही परंपरा जगते, याचं उदाहरण पश्चिम आफ्रिकेत आहे. नायजेरियातल्या इग्बो समाजात मुलगा काही वर्षं व्यापाऱ्याकडे राहून धंदा शिकतो, आणि शेवटी धनी त्याला स्वतःचं दुकान सुरू करायला भांडवल देतो. १९७० मध्ये संपलेल्या यादवी युद्धानंतर उद्ध्वस्त झालेला हा समाज पुन्हा उभा राहिला, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा मानला जातो. शब्द पाळायला लावणारी ताकद इथे नात्यांची आणि गावातल्या इभ्रतीची असते. तरीही भांडवल द्यायची वेळ आली की चोरीचा आळ घेऊन मुलाला हाकलल्याच्या तक्रारी होतात, आणि अशा मुलाच्या हाती बहुतेकदा लेखी काहीच नसतं.

लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथल्या शिंप्यांमध्ये बसून मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात जे टिपलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं. कपडा बनतो तो कापणं, शिवणं, मग काजं-बटणं आणि इस्त्री या क्रमानं. उमेदवार शिकतो ते बरोबर उलट्या क्रमानं. आधी तयार कपड्याची इस्त्री, बटणं, दुमड. मग शिवण. कात्री सर्वांत शेवटी, कारण चुकीची टीप उसवता येते, चुकीचा काप परत जुळत नाही. बटण लावणाऱ्या पोराच्या मांडीवर पूर्ण कपडा असतो. कुठला तुकडा कुठे बसतो हे त्याला कुणी न सांगता दिसत राहतं.

जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं दर्जेदार उमेदवारीबाबत २०८ क्रमांकाची शिफारस मंजूर केली. ती देशांवर बंधनकारक नाही. तरी तिच्यात लेखी करार, योग्य मोबदला, ठरलेली मुदत आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र या अपेक्षा स्पष्ट लिहिल्या आहेत. आजारपणाबद्दलही तीत एक मुद्दा आहे. इजिप्तमधल्या त्या थोओनिसचा खाडा झाला, तर तो दिवस त्याला भरून द्यावा लागे. शिफारस म्हणते, उमेदवार आजारी पडला किंवा त्याला अपघात झाला, तर त्यानं घरी राहावं, आणि त्या दिवसांचा मोबदलाही त्याला मिळावा.