सोची २०१४: डच लोक बर्फावर एवढे फास्ट कसे काय घसरतात?

१५ फेब्रुवारी २०१४, रशियातलं सोची, हिवाळी ऑलिंपिकची पुरुषांची १५०० मीटर स्पीड स्केटिंग रेस. पोलंडचा झ्बिग्नेव्ह ब्रुदका, जो नोकरीने चक्क फायर ब्रिगेडवाला आहे, त्याचं टायमिंग आलं १ मिनिट ४५.०० सेकंद. नेदरलँड्सच्या कून फेरवायचं टायमिंग पण १ मिनिट ४५.०० सेकंद. स्कोअरबोर्डवर बरोबरी. मग सेकंदाचा हजारावा भाग बघितला, तर ब्रुदका ४५.००६ आणि फेरवाय ४५.००९. गोल्ड गेलं पोलंडला.

०.००३ सेकंद म्हणजे किती ते बघा. हे लोक त्या रेसला सरासरी सेकंदाला १४ मीटरच्या वर पळतात, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वर, आणि त्या स्पीडला ०.००३ सेकंदात माणूस सरकतो साधारण ४ सेंटिमीटर. दीड किलोमीटर जिवाच्या आकांताने स्केटिंग करायचं आणि शेवटी दोन-अडीच बोटांनी गोल्ड हुकायचं! पायाखालचं पातंच त्याच्या दहापट लांब असतं. फेरवायचा तो पडलेला चेहरा मी अजून विसरलो नाहीये.

पण गंमत अशी की हा डच टीमच्या मोजक्या पराभवांपैकी एक होता. स्पीड स्केटिंगच्या १२ इव्हेंट्सपैकी ८ गोल्ड डचांनी नेले, ३६ मेडल्सपैकी २३. चार इव्हेंट्समध्ये तर पहिला, दुसरा, तिसरा तिन्ही डच, आणि बायकांच्या १५०० मीटरला चौथी पण डचच! त्यांचं २४ वं मेडल शॉर्ट ट्रॅकचं, म्हणजे तेही स्केटिंगच. डोंगरावरून घसरायच्या खेळात काहीच नाही, आणि येणार तरी कुठून, देश सपाट पोळपाटासारखा. युरोपातल्या नेदरलँड्सचं सगळ्यात उंच ठिकाण ३२२ मीटर, आपलं पुणं त्याच्यापेक्षा उंचावर आहे.

आता एवढासा देश, लोकसंख्या तेव्हा १ कोटी ७० लाखांच्या आसपास, आणि हे असं राज्य कसं करतात? जीन्स, उंची, दूध-चीज असली उत्तरं लोक फेकतात. मला त्यात फार दम वाटत नाही. त्यापेक्षा स्केटिंगचं फिजिक्स बघितलं की बरंच काही कळतं.

सुरुवात बर्फापासून करू. बर्फ घसरडा का असतो? आपल्याला शाळेत सांगितलेलं की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्यावरून माणूस घसरतो. ऐकायला बरं वाटतं पण हिशेब बसत नाही. बर्फाचा वितळणबिंदू १ डिग्रीने खाली आणायला साधारण १३० ॲटमॉस्फिअरहून जास्त दाब लागतो. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा आहे, पातं मिलिमीटरभर जाडीचं, त्यातलं पाच-सात सेंटिमीटरच बर्फाला टेकलंय असं उदारपणे धरलं तरी एखाद-दुसऱ्या डिग्रीचाच फरक पडतो. आणि ट्रॅकचा बर्फ असतो उणे ५, उणे ७ वगैरे. मग वितळला कसा? शिवाय गुळगुळीत तळाचा साधा बूट घालून पण माणूस आपटतोच की, तिथे कुठलं आलंय धारदार पातं.

खरी भानगड बर्फाच्या पृष्ठभागात आहे. आतल्या रेणूंना चारी बाजूंनी शेजारी धरून ठेवतात, सगळ्यात वरच्या रेणूंना मात्र वरून धरणारं कोणीच नसतं, त्यामुळे ते थोडे मोकळे सुटलेले असतात, इकडेतिकडे लोळत असतात, आणि त्यात पातं घासलं की घर्षणाची उष्णता मिळते. फ्रीझरच्या ट्रेमधून काढलेले दोन क्यूब एकमेकांना टेकवून धरा, चिकटून बसतील. हेच बघून मायकेल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकात म्हटलेलं की बर्फाच्या वर पाण्यासारखा पातळ थर असतो. बर्फ खूप थंड झाला की हे रेणू आखडतात आणि घर्षण वाढतं, फार गरम झाला की बर्फ मऊ पडून पातं रुततं. मधला सुवर्णमध्य उणे ७ च्या आसपास. डच संशोधकांनी स्केटला सेन्सर लावून खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर हे घर्षण मोजलं १९९० च्या आसपास, आणि आकडा आला ०.००५ च्या घरात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला बर्फ मागे खेचतो तो जेमतेम ३५० ग्रॅम वजनाएवढ्या जोराने. कांद्याची अर्धा किलोची पिशवी त्याहून जड.

मग बर्फ एवढा लाडका असेल तर दमायला कशाने होतं? हवेने. स्केटरला होणाऱ्या एकूण विरोधातला ७५-८० टक्के वाटा एकट्या हवेचा. आणि हवा फार खवट असते, स्पीड १० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद १० टक्के वाढवून भागत नाही, ३३ टक्के जास्त लागते, कारण हिशेब स्पीडच्या घनात जातो. म्हणून ते एवढे वाकून, हात पाठीवर ठेवून, अर्ध्या उठाबशीत जातात. करून बघा घरी, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर करून एका पायावर वीस सेकंद. मी केलं, अकराव्या सेकंदाला टीपॉय धरला. त्या पोझिशनमध्ये मांडीचे स्नायू इतके आवळलेले राहतात की त्यांच्यातला रक्तपुरवठाच कमी होतो, ऑक्सिजन पोचत नाही नीट, आणि पाय पेटतात. जास्त वाकलं तर हवा कमी लागते पण पाय लवकर मरतात, उभं राहिलं तर पाय खूष पण हवा अडवते. दहा हजार मीटर म्हणजे २५ राऊंड याच दोघांच्या भांडणात काढायचे.

अजून एक, स्केटर मागे ढकलूच शकत नाही. धावताना आपण जमीन मागे ढकलतो, इथे मागे ढकललं तर पातं मागे सरकेल फक्त. त्यामुळे ढकलायचं बाजूला, पात्याशी काटकोनात. वळणावर तर अजून मजा, आतल्या लेनची त्रिज्या २५-२६ मीटर, स्पीड सेकंदाला १५ मीटर धरला तर गणित असं येतं की माणूस ४० डिग्रीच्या आसपास आत झुकलेला असतो, आणि त्या तिरक्या अवस्थेत उजवा पाय डाव्यावरून टाकत टाकत स्पीड वाढवायचा!

इथे येतो डचांचा खरा हुकमाचा पत्ता, जो सोचीच्या कितीतरी आधी खेळला गेला. जुन्या स्केटमध्ये पातं बुटाला टाचेपासून चवड्यापर्यंत पक्कं असायचं. टाच उचलली की पात्याचं पुढचं टोक बर्फात घुसायचं, म्हणून सगळ्यांना शिकवायचे की घोटा सरळ करायचा नाही. म्हणजे गुडघा पूर्ण सरळ व्हायच्या आधीच पाय उचलावा लागायचा, मांडीतली शेवटची ताकद वाया. ॲमस्टरडॅमच्या फ्रेये युनिव्हर्सिटीतले खेरित यान फान इंगेन स्खेनाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर डोकं चालवलं आणि चवड्यापाशी बिजागरी बसवली. टाच वर जाते, पातं बर्फावर सपाटच राहतं, पाय पूर्ण सरळ होतो, आणि मग स्प्रिंगने पातं टक्कन परत बुटाला लागतं. त्या आवाजावरूनच नाव पडलं क्लॅप स्केट.

आणि मोठ्या स्केटर्सनी काय केलं? नाकं मुरडली. वर्षानुवर्षं कोणी हात लावेना. आधी ज्युनियर पोरांनी वापरलं, मग १९९६-९७ च्या सीझनला डच बायकांनी, आणि त्या सटासट जिंकायला लागल्यावर सगळ्या जगाची धावपळ झाली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला सगळेच क्लॅप स्केटवर, रेकॉर्ड्सचा पार चुरा झाला. विशेष म्हणजे का फायदा होतो याचं मूळ कारण पण नंतर थोडं बदललं, आधी वाटलेलं पोटरीची ताकद जास्त मिळते, नंतरच्या अभ्यासात दिसलं की पाय ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू पुढच्या टोकावरून चवड्याखाली आला हे जास्त महत्त्वाचं. वस्तू आधी चालली, समजली नंतर.

पण सोचीला तर क्लॅप स्केट सगळ्यांकडेच होते ना? हो. म्हणूनच अमेरिकेची गोष्ट बघण्यासारखी आहे. त्यांनी खेळाचे कपडे बनवणाऱ्या अंडर आर्मरला आणि विमानं बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनला घेऊन माक ३९ नावाचा सूट बनवला, विंड टनेलमध्ये टेस्ट केला, कापडावर उंचवटे, पाठीवर जाळीचा पट्टा, सगळा जामानिमा. आणि मेडल एकही येईना. १००० मीटरला लागोपाठ दोन ऑलिंपिक जिंकलेला शानी डेव्हिस आठवा आला. मग कुजबुज सुरू झाली की पाठीवरच्या जाळीतून हवा आत शिरते आणि ब्रेक लागतो. खापर सूटवर फुटलं, ऐन स्पर्धेत जुने सूट मागवून घातले, आणि तरीही शून्य. नाचता येईना अंगण वाकडं!

माझ्या मते सूटपेक्षा दोन गोष्टी जास्त बघायला हव्यात. एक म्हणजे ट्रॅकची समुद्रसपाटीपासूनची उंची. अमेरिकनांचा सॉल्ट लेक सिटीचा ट्रॅक १४०० मीटरहून उंचावर, तिथे हवा विरळ, सवय फास्ट बर्फाची, आणि सोचीच्या आधीचा कॅम्पही आल्प्समध्ये उंचावर. सोचीचा हॉल मात्र काळ्या समुद्राच्या काठावर, दाट हवा, मऊसर बर्फ. डचांचं हेरेनफेनचं थियाल्फ स्टेडियम पण समुद्रसपाटीलाच, म्हणजे ते जवळजवळ घरच्याच हवेत खेळत होते. दाट हवेत स्पीड टिकवायला पाय कसे वापरायचे, पहिल्या राऊंडला किती सोडायचं, हे अंगवळणी पडावं लागतं.

दुसरी गोष्ट घरातली मारामारी. १९९५ ला रिंत्ये रिट्स्माने स्वतःची स्पॉन्सरवाली टीम काढली, मग अशा टीम्स वाढत गेल्या, प्रत्येकीचे कोच वेगळे, प्रयोग वेगळे. सोचीला एका इव्हेंटमध्ये एका देशाचे तीन किंवा चारच जण जाऊ शकत होते, त्यामुळे डिसेंबरमधली सिलेक्शन रेस हीच खरी कत्तल होती. त्यात भर म्हणजे माणसं इतर खेळांतूनही येतात. ५०० मीटर जिंकणारा मिशेल मुल्डर इनलाइन स्केटिंगमधून, म्हणजे चाकांच्या स्केटवरून आलेला, त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड तिसरा. बायकांचं १५०० जिंकणारी योरीन तेर मोर्स मूळची शॉर्ट ट्रॅकवाली, आणि तिने हरवलं कोणाला तर त्या ऑलिंपिकला पाच मेडल्स नेणाऱ्या इरेन व्ह्यूस्टला.

अर्थात हे वेड आलं कालव्यांवरून. फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांना जोडणारी २०० किलोमीटरची रेस असते, एल्फस्टेडेनतोख्त. १९८६ ला युवराज विलेम-अलेक्झांडरने खोट्या नावाने ती पूर्ण केलेली, तोच पुढे राजा झाला आणि सोचीला आपल्या खेळाडूंना चिअर करत बसलेला. रेस घ्यायची अट एकच, पूर्ण मार्गावर बर्फ निदान १५ सेंटिमीटर जाड हवा. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. त्यानंतर हिवाळे गरम होत गेले, आणि मोठ्या रेसेस तर त्याआधीच छपराखाली जायला लागलेल्या, पण अजूनही कडक थंडी पडली की तिथली माणसं कालव्यावर जातात, बर्फाला भोक पाडतात आणि पट्टी आत घालून बघतात.