तांबड्या रश्शावरचा आळ आणि जठराचं जाड अस्तर

कोल्हापुरात कुणाचं पोट जळजळायला लागलं की पहिला संशय तांबड्या रश्शावर, दुसरा मिसळीच्या कटावर आणि तिसरा घरच्या कांदा-लसणाच्या चटणीवर. त्यात दुर्बीण घातली आणि रिपोर्टात 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' म्हणजे जठराची जुनाट सूज, नाहीतर 'अस्तर जाड झालंय' असं आलं की घरात तिखटबंदीच. पण एक साधी गोष्ट बघा, मिरची आपल्याकडं आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात, आणि माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अम्लपित्तावर अख्खा वेगळा अध्याय आहे तो त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. म्हणजे आंबट ढेकरा आणि छातीतली जळजळ मिरचीच्या आधीपासूनच चालू होती की. आधीच सुजलेल्या जठराला तिखट झोंबतं हे खरं, पण वर्षानुवर्षं सूज धरून ठेवणारं कारण सहसा दुसरंच निघतं.

ते कारण सापडायला लई वेळ लागला. गॅस्ट्रायटिस हे नाव १७२८ मध्ये श्टाल नावाच्या जर्मन डॉक्टरनं वापरलं. मग नेपोलियनच्या सैन्यात काम केलेला ब्रूसे आला, त्याच्या मते जवळपास प्रत्येक आजाराचं मूळ जठर-आतड्याच्या सुजेत आणि उपाय काय तर जळवा लावा, इतक्या लावल्या की फ्रान्सला जळवा बाहेरच्या देशांतून मागवायची वेळ आली. त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला, पुढच्या डॉक्टरांचा या आजारावरचा विश्वासच उडाला. त्यात माणूस मेल्यावर जठरातला रस जठराचंच अस्तर पचवायला लागतो, त्यामुळं शवविच्छेदनात दिसलेला बिघाड आजाराचा का मेल्यानंतरचा हेच कळेना. शेवटी फाबर नावाच्या डॅनिश डॉक्टरनं मृत्यूनंतर लगेच फॉर्मेलिन सोडून अस्तर टिकवायला सुरुवात केली तेव्हा कुठं खरी सूज दिसायला लागली.

जाड अस्तराची गोष्ट मात्र जरा वेगळी. १८८८ मध्ये पॅरिसच्या मेनेत्रिएनं असं जठर वर्णन केलं की ज्याच्या घड्या फुगून मेंदूच्या वळ्यांसारख्या झालेल्या. यात गंमत अशी की ॲसिड वाढत नाही, उलट कमी होतं, आणि रक्तातलं प्रोटीन जठरातून झिरपून जातं, म्हणून पाय सुजतात, माणूस खंगतो. अस्तराला 'वाढ' असं सांगणारं एक प्रथिन त्यात जास्त तयार होतं हे पुढं कळलं. लहान पोरांत हाच प्रकार बऱ्याचदा सायटोमेगॅलो नावाच्या व्हायरसच्या संसर्गानंतर होतो आणि आपोआप बरा होतो. आजार दुर्मिळ, पण रिपोर्टात 'जाड घड्या' वाचून लोक लगेच नेटवर हाच शोधतात. जाड घड्या साध्या जंतुसंसर्गानंही होतात आणि क्वचित कॅन्सरनंही, त्यामुळं नुसतं बघून भागत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो.

जिवंत माणसाच्या पोटात डोकावणं सोपं झालं ते १९३२ मध्ये, शिंडलरच्या अर्धवट वाकणाऱ्या दुर्बिणीमुळं. त्यानं जुनाट गॅस्ट्रायटिसचे वरवरचा, झिजलेला आणि जाड झालेला असे प्रकार पाडले. दिसतं कसं हे कळलं, होतं कशानं हे मात्र नाही.

आणि त्याचं उत्तर खरं तर कुत्र्यांनी आधीच दिलं होतं! १८९३ मध्ये इटलीत बिझोझेरो नावाच्या संशोधकाला कुत्र्यांच्या जठरात पिळदार जंतू दिसले. १८९६ मध्ये सालोमन नावाच्या संशोधकानं कुत्र्या-मांजरांचं जठराचं अस्तर उंदरांना खायला घालून ते जंतू उंदरांतही नेले. पण ॲसिडमध्ये जंतू जगणारच कसा, असं म्हणून विषय बाजूला पडला, आणि १९५४ मध्ये पामर नावाच्या डॉक्टरनं हजारावर लोकांच्या जठराचे तुकडे (बायोप्सी) तपासून 'जंतू नाहीत' म्हटल्यावर तर दारच बंद. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला डॉक्टर रॉबिन वॉरनना माणसाच्या जठरात असे पिळदार जंतू परत दिसले, बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले, १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या प्लेटा जास्त दिवस राहून गेल्या म्हणून तो जंतू वाढला, तोच हा एच पायलोरी. डुकराच्या पिल्लांना संसर्ग होईना म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू घातलेलं पाणी प्याले आणि गॅस्ट्रायटिस ओढवून घेतला. नोबेल २००५ मध्ये. आज एच पायलोरीशिवाय अंगदुखीच्या गोळ्या आणि शरीरानं स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला ही कारणंही माहीत आहेत, त्या शेवटच्या प्रकारात बी-१२ कमी पडतं.

आता कोल्हापूरच्या इतिहासातलं जनावर. संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे, शाहू महाराजांना त्याचा मोठा नाद, आणि इथले चित्ते संपत आले तसे आफ्रिकेतून आणले जायला लागले. पिंजऱ्यातल्या चित्त्यांना जुनाट गॅस्ट्रायटिस फार होतो, उलट्या होतात, वजन उतरतं, आणि त्यांच्या जठरात एच पायलोरीचाच जवळचा भाऊबंद सापडतो. गंमत म्हणजे रानातल्या चित्त्यांतही तो जंतू असतो पण सूज तेवढी नसते, म्हणून बंदिवासातल्या ताणावर बोट ठेवलं जातं. २००६ मधल्या जनुकांच्या अभ्यासानुसार हा जंतू माणसातूनच मोठ्या मांजरकुळात गेला, अंदाजे दोन लाख वर्षांपूर्वी. म्हणजे वाघ-चित्त्यानं आपल्या पूर्वजाला खाल्लं आणि त्याचं दुखणंही घेतलं, असा अंदाज.

आपल्या फ्लॅटमध्ये आता शिह त्झू, ल्हासा दिसायला लागलेत, त्या छोट्या जातींत जठराच्या खालच्या तोंडाशी अस्तर जाड होऊन वाट अडते आणि खाल्ल्यावर बऱ्याच तासांनी उलटी होते, बासेंजी जातीत तर सगळं जठरच जाड होतं. बिझोझेरोनं बघितलेले पिळदार जंतू मात्र धडधाकट कुत्र्यांतही सर्रास असतात, त्यामुळं जनावरांचे डॉक्टर ते दिसले तरी लगेच अँटिबायोटिक काढत नाहीत, आधी जंत बघतात, खाणं बदलून बघतात.