एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी: अर्ज कोणी करावा, कागदपत्रं काय लागतात

नावातल्या 'रेसिडेन्सी'मुळे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. हे नागरिकत्व नाही, व्हिसा नाही, तिथे राहायचा परवानाही नाही. एस्टोनिया सरकार तुम्हाला एक डिजिटल ओळखपत्र देतं, बस्स. त्यावर फोटोसुद्धा नसतो, त्यामुळे प्रवासात ते चालत नाही. त्याच्या आधारे घरबसल्या तिथे कंपनी नोंदवता येते, डिजिटल सही करता येते, कर विवरणपत्र भरता येतं.

1991 साली सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र झालेल्या, जेमतेम 13 लाख वस्तीच्या या देशाने 2002 पासून नागरिकांना चिपचं ओळखपत्र दिलं, 2005 मध्ये इंटरनेटवरून मतदान घेतलं आणि 1 डिसेंबर 2014 पासून हे दार परदेशी लोकांनाही उघडलं.

अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्टची स्कॅन प्रत, अलीकडचा फोटो आणि फी भरायला कार्ड लागतं. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही, म्हणून 'अर्ज का करता?' या रकान्यावर वेळ घालवा. 'युरोपात व्यवसाय करायचा आहे' एवढ्यावर भागवू नका. काम काय, ग्राहक कोणत्या देशात, एस्टोनियाच का, हे नेमकं लिहा. पूर्वी गुन्हा दाखल असेल तर लपवू नका. छाननी तिथलं पोलीस व सीमा सुरक्षा मंडळ करतं.

मंजुरीनंतर कार्ड घ्यायला स्वतः जावं लागतं. आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे नवी दिल्लीतला दूतावास. मूळ पासपोर्ट न्या. तिथे बोटांचे ठसे घेतात. कार्डासोबत पिनचा लिफाफा मिळतो. पिन 1 चार अंकी, ओळख पटवायला. पिन 2 पाच अंकी, सही करायला. ही सही युरोपीय संघात हाताने केलेल्या सहीइतकीच कायदेशीर आहे, त्यामुळे पिन 2 हिशेबनिसालाही देऊ नका. तीनदा चुकला की पिन बंद पडतो. मग लिफाफ्यातला पीयूके कोड वापरावा लागतो.

कंपनी काढणार असाल तर अर्जाआधीच सीएला गाठा. कंपनीचा कारभार पुण्यातून चालत असेल तर तिच्यावर भारतात कर लागू शकतो, आणि परदेशी गुंतवणुकीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात.

कार्ड पाच वर्षं चालतं. पुढे हवं असेल तर अर्ज आणि फी पुन्हा नव्याने.