तिश्रीचे सण : रोश हाशाना, योम किप्पूर, सुक्कोत

तिश्री हा ज्यू कॅलेंडरमधला महिना, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. मोजणी निसान या महिन्यापासून धरली तर हा सातवा, पण वर्ष मात्र इथेच बदलतं. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांनी यातल्या सणांना आपली मराठी नावं दिली, रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण आणि योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. मला विचाराल तर या अख्ख्या महिन्याचा अर्थ त्या दुसऱ्या नावात जेवढा नेमका सापडतो तेवढा जाड ग्रंथातही सापडत नाही. (इथल्या फाळणीचा १९४७ शी काही संबंध नाही, दारफाळणी म्हणजे दारं लावून घेणं.) त्या दिवशी घरातली माणसं पांढरे कपडे घालून, उपास धरून, दारं लावून आत बसायची आणि बाहेरच्या कुणाशी संपर्कसुद्धा ठेवायची नाहीत.

सुरुवात होते १ तिश्रीला, रोश हाशानाने. नवीन वर्ष आहे पण फटाके-पार्टी टाइप नाही, कारण श्रद्धा अशी की या दिवशी सगळ्यांचा हिशोब देवापुढे उघडला जातो. बेने इस्राएल घरात गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तरी दिवसाचा खरा मान शोफारला, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाला. त्याचे सूर ठरलेले आहेत, तकिया हा एक लांब, शवारीम हे तीन तुटक आणि तरुआ म्हणजे नऊ बारीक बारीक, अगदी हुंदके दिल्यासारखे. मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस म्हणतो की शिंगाचा अर्थ एवढाच, झोपलेल्यांनो जागे व्हा.

या दिवसापासून योम किप्पूरपर्यंतचे दहा दिवस तशुवाचे. याचं भाषांतर सगळे पश्चात्ताप असं करतात, पण मूळ शब्दाचा अर्थ परत फिरणं, म्हणजे नुसतं वाईट वाटून घेणं नाही तर चुकलेल्या वाटेवरून मागे येणं. यात एक अट अशी आहे की पळवाटच राहत नाही: देवाशी केलेली चूक योम किप्पूरला माफ होते, पण माणसाशी केलेली होत नाही, जोवर त्या माणसाकडे स्वतः जाऊन त्याची समजूत काढत नाही तोवर. म्हणून या दिवसांत लोक रुसलेल्या भावाला फोन करतात, उधारी फेडतात.

१० तिश्रीचा, म्हणजे योम किप्पूरचा उपास सुमारे पंचवीस तासांचा, पाणीसुद्धा नाही, चामड्याचे जोडेही घालायचे नाहीत. संध्याकाळी कोल निद्रे या प्रार्थनेने सुरुवात, दुसऱ्या दिवशी दुपारी बायबलमधली योनाची गोष्ट वाचतात, आणि सूर्य कलला की शेवटची प्रार्थना, तिचं नाव नईला. नईला म्हणजे दार बंद होणं! बाहेरचं नाही, स्वर्गाचं, आणि ते बंद व्हायच्या आत जे मागायचंय ते मागून घ्यायचं, म्हणून दिवसभर उपाशी असलेली माणसंसुद्धा यावेळी उभीच राहतात, मग शोफारचा एक लांब सूर आणि संपलं. मुंबईच्या १७९६ च्या पहिल्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचं नावही शार हारहामीम, म्हणजे दयेचं दार. एवढं असूनही हा दुःखाचा दिवस नाही, मिश्ना हा ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ तर याला वर्षातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांत धरतो. बेने इस्राएल दुसऱ्या दिवशी शिळा सण पाळायचे, दारं उघडून दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं.

आणि मग पाचव्या दिवशी घरच सोडायचं. १५ तिश्रीला सुक्कोत सुरू होतो, सात दिवस जेवण मांडवात, जमलं तर झोपसुद्धा. वाळवंटातल्या भटकंतीची आठवण म्हणून हे सगळं. छप्पर जमिनीतून उगवलेल्या पाल्याचंच हवं, म्हणजे माडाच्या झावळ्या चालतात पण पत्रा नाही, आणि रात्री त्यातून तारे दिसले तर उत्तम. पीक घरात आलेलं असतं, कोठारं भरलेली असतात, नेमकं तेव्हाच गळक्या छपराखाली बसवून दाखवतात की भरवसा भिंतींवर ठेवू नका. तरी याला आनंदाचा काळ म्हणतात, आणि याच दिवसांत वाचायचं काय तर सगळं व्यर्थ आहे म्हणणारं बायबलमधलं कोहेलेत हे पुस्तक. बेने इस्राएलांचा खिरीचा सणही तिश्रीतलाच, नव्या तांदळाची, नारळाच्या दुधात गूळ घालून केलेली खीर.

शेवट सिम्हात तोरा या सणाने. वर्षभर आठवड्या-आठवड्याला वाचलेली तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्या दिवशी संपते, गुंडाळ्या कडेवर घेऊन सात फेऱ्या नाचतात, आणि मोशेच्या मृत्यूची शेवटची ओळ वाचून झाली की लगेच दुसरी गुंडाळी उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात, आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली.